जुन्या स्पोर्ट्स कारला भंगारातलं एबीएस: डबा स्वस्तात मिळतो, पण पैसा नक्की कुठे घालायचा?

रेसट्रॅकवर नव्वदच्या दशकातली एक बीएमडब्ल्यू एम३ सुसाट येतेय. समोर वळण आहे. ड्रायव्हर ब्रेकवर पाय मारतो आणि नेमका त्याच क्षणी पुढच्या चाकाखाली डांबराचा छोटासा उंचवटा येतो. पेडल दगडासारखं कडक होतं. पाय पूर्ण ताकदीनं दाबलेला आहे, ब्रेक ऑइल कुठे गळत नाही, पॅड चांगले आहेत, तरी गाडी हळू व्हायचं नाव घेत नाही.

जुन्या स्पोर्ट्स कार ट्रॅकवर पळवणारी मंडळी या प्रकाराला ‘आइस मोड’ म्हणतात. म्हणजे बाहेर कडक ऊन असतं, रस्ता कोरडा ठणठणीत असतो, पण गाडीतल्या एबीएसच्या कॉम्प्युटरला वाटतं की आपण बर्फावर आहोत. मग तो ‘चाकं जाम होऊ नयेत’ म्हणून स्वतःच ब्रेक सोडून देतो. जुन्या एम३ असोत नाहीतर अमेरिकेच्या शेवरोले कॉर्व्हेट, ही तक्रार जुन्या एबीएसवाल्या बऱ्याच गाड्यांच्या मालकांकडून ऐकायला मिळते.

आता जी गोष्ट तुम्हाला वाचवायला लावलीय तीच ऐन वेळेला हात वर करत असेल तर काय करायचं? काही जण एबीएसचा फ्यूजच काढून ठेवतात. काही जण लाखो रुपये घालून रेसिंगचं एबीएस बसवतात. आणि या दोघांच्या मधला एक तिसरा गट आहे, जो सरळ भंगारवाल्याकडे जातो. आजचा विषय या तिसऱ्या गटाचा.

एबीएस नक्की करतं काय?

तुम्ही जुन्या ट्रक ड्रायव्हरला ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना पाहिलं असेल तर तो ब्रेक एकदम दाबून धरत नाही. दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. कारण चाक जाम झालं की दोन गोष्टी होतात. एक तर टायर घसरायला लागतो. आणि दुसरं, जास्त धोक्याचं म्हणजे स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. वळण्यासाठी चाक फिरत असावं लागतं.

एबीएस हेच काम मशिननं करतं, फक्त सेकंदाला दहा-पंधरा वेळा. प्रत्येक चाकाजवळ एक दातेरी रिंग आणि एक सेन्सर असतो. चाक किती वेगानं फिरतंय हे तो सांगतो. बॉनेटखाली एक डबा असतो, त्यात व्हॉल्व्ह, एक छोटा पंप आणि कॉम्प्युटर. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फारच पटकन मंदावलं तर कॉम्प्युटर त्या चाकाकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करतो, म्हणजे पायाचं प्रेशर तिकडे पोहोचत नाही. तरीही चाक सुटलं नाही तर दुसरा व्हॉल्व्ह उघडून तिथलं प्रेशर कमी करतो आणि पंप ते तेल परत मागे ढकलतो. जोराचा ब्रेक मारल्यावर पेडलखाली जी थरथर जाणवते ती हीच.

टायरची पकड सर्वांत जास्त कधी असते? चाक पूर्ण मोकळं फिरत असताना नाही आणि जाम झाल्यावरही नाही. कोरड्या डांबरावर ती साधारण १० ते २० टक्के घसरणीला असते. म्हणजे गाडी १०० च्या स्पीडला असेल तर चाक साधारण ८० ते ९० च्या हिशोबानं फिरत असावं. एबीएसचा सगळा खटाटोप चाकाला या पट्ट्यात ठेवण्यासाठी असतो.

कल्पना तशी जुनी आहे. विमानांसाठी बनवलेली डनलॉपची ‘मॅक्सारेट’ ही मेकॅनिकल सिस्टिम १९६६ मध्ये जेन्सन एफएफ या ब्रिटिश गाडीत आली होती. पण आज आपण ज्याला एबीएस म्हणतो ते इलेक्ट्रॉनिक रूप खऱ्या अर्थानं रुळलं ते १९७८ पासून, बॉशची सिस्टिम मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये बसायला लागली तेव्हा. नव्वदच्या दशकापर्यंत ते स्पोर्ट्स कारमध्ये नेहमीचं झालं होतं.

मग जुन्या एबीएसचं दुखणं काय?

नव्वदच्या दशकातलं एबीएस वाईट नव्हतं. रस्त्यावर, साध्या टायरवर, पावसात ते आपलं काम चोख करायचं. प्रॉब्लेम असा की त्याच्याकडे माहिती फार कमी असायची. चाकं किती वेगानं फिरताहेत, बस एवढंच. गाडी खरोखर किती जोरानं थांबतेय, ड्रायव्हरनं पेडल किती दाबलंय, गाडी तिरकी होतेय का, यातलं काही त्याला थेट कळायचं नाही. सगळं चाकांच्या वेगावरून अंदाजानं.

आता उंचवट्यावरून जाताना चाक क्षणभर हवेत गेलं किंवा हलकं झालं, तर ब्रेकमुळे ते एकदम थांबतं. जुना कॉम्प्युटर बघतो की चाक पापणी लवायच्या आत मंदावलं. असं कधी होतं? बर्फावर. झालं, तो बर्फाचा प्रोग्राम लावतो. त्यात भर म्हणजे ट्रॅकवर लोक जास्त पकडीचे टायर आणि कडक सस्पेन्शन लावतात. म्हणजे कंपनीनं जे गणित मांडून एबीएस बनवलं होतं, ते गणित मालकानंच बदललेलं असतं. हा दोष फक्त डब्याच्या माथी मारणं बरोबर नाही.

अशा वेळी उपाय एकच सांगितला जातो: पाय क्षणभर उचला आणि पुन्हा दाबा. ऐकायला सोपं आहे. समोर भिंत असताना ब्रेकवरून पाय उचलायला सांगणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत.

नव्या पिढीच्या डब्यांमध्ये फरक नुसत्या वेगाचा नाही, माहितीचा आहे. ब्रेक लाइनमध्ये प्रेशर सेन्सर असतो, म्हणजे पाय किती दाबलाय ते कळतं. गाडी किती वळतेय आणि बाजूला किती ओढली जातेय, हे सांगणारा सेन्सर असतो. स्टिअरिंग किती फिरवलंय तेही कळतं. चार साक्षीदार वेगवेगळं सांगत असतील तर कॉम्प्युटर एकट्या चाकाच्या बोलण्यावर विश्वास ठेवून ब्रेक सोडून देत नाही.

दोन रस्ते: एक लाखांचा, एक भंगाराचा

बॉशच्या मोटरस्पोर्ट विभागाचं एबीएस मिळतं. त्यात डॅशबोर्डवर एक गोल नॉब असतो, तो फिरवून कोरडा रस्ता, ओला रस्ता अशी सेटिंग बदलता येते. वस्तू एक नंबर आहे. पण त्याची किंमत अनेक हजार डॉलर, म्हणजे आपल्या हिशोबात सरळ लाखांत. युरोप-अमेरिकेत जुनी ई३६ बाळगणाऱ्या सामान्य माणसासाठी हे म्हणजे दहा हजाराच्या मोबाइलला पन्नास हजाराचं कव्हर.

इथे ई३६ म्हणजे काय ते सांगायला हवं. बीएमडब्ल्यूच्या ३ सीरिजच्या प्रत्येक पिढीला कंपनीचा एक कोड असतो. नव्वदच्या दशकातली ती ई३६, त्यानंतर १९९८ च्या सुमारास आली ती ई४६. ई३६ची एम३ १९९२ ते १९९९ या काळात बनली, ई४६ची एम३ २००० ते २००६. दोन्ही गाड्या ट्रॅकवाल्यांच्या लाडक्या.

ई४६च्या नंतरच्या गाड्यांमध्ये कॉन्टिनेंटल टेव्हिस कंपनीचा ‘एमके६०’ नावाचा एबीएसचा डबा यायचा. प्रेशर सेन्सर, गाडीच्या वळण्याचा सेन्सर, प्रत्येक चाकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह, सगळं त्यात होतं. आणि ई४६ लाखोंनी विकली गेलेली गाडी असल्यामुळे अपघातात गेलेल्या, भंगारात निघालेल्या गाड्यांमधून हे डबे भरपूर मिळतात. किंमत काही शे डॉलर. आपल्याकडे कुर्ल्याला जसा जुन्या गाडीचा पार्ट शोधायला जातात, तसंच तिकडे हा डबा शोधला जातो. गेल्या काही वर्षांत ई३६ मध्ये एमके६० बसवणं हा तिकडच्या ट्रॅकवाल्यांमध्ये ठरलेला जुगाड झालाय, इतका की त्यासाठी तयार वायरिंग आणि ब्रॅकेटचे किटसुद्धा विकले जातात.

पण ई३६ साठी ई४६चाच डबा का? टोयोटाचा किंवा होंडाचा का नाही?

कारण एबीएसचा कॉम्प्युटर हा एका विशिष्ट शरीरासाठी शिकवलेला मेंदू असतो. गाडीचं वजन किती, ते पुढे किती आणि मागे किती, दोन अॅक्सलमधलं अंतर किती, डिस्क किती मोठ्या, टायर किती मोठे, हे सगळं त्याच्या प्रोग्राममध्ये गृहीत धरलेलं असतं. ई३६ एम३ मध्ये पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,७०० मिलिमीटर आहे, ई४६ एम३ मध्ये २,७३१. पुढची डिस्क एकीकडे ३१५ मिलिमीटरची, दुसरीकडे ३२५ची. दोन्हींमध्ये इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. नवी गाडी थोडी जड आहे, पण एकूण बांधा सख्ख्या भावासारखा. म्हणून मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला बसतो. एखाद्या एसयूव्हीचा डबा आणून बसवला तर तो दिवे लावून चालूही होईल, पण ब्रेक कधी आणि किती सोडायचा याचं त्याचं गणित दोन टन वजनाच्या उंच गाडीचं असेल.

हीच गोष्ट दुसऱ्या कुठल्याही जुन्या स्पोर्ट्स कारला लागू होते. आधी त्याच कंपनीच्या, त्याच घराण्याच्या पुढच्या पिढीत बघायचं.

थांबा, आधी टायर बघा

हा भाग वगळून पुढे जाण्याचा मोह होईल, कारण यात काही ‘भारी’ नाही. पण माझ्या मते बजेटमधला पहिला रुपया इथेच जायला हवा.

गाडी थांबवतो तो टायर. एबीएस फक्त टायरच्या पकडीचा नीट वापर करून घेतं, स्वतःची पकड तयार करत नाही. साधं शाळेतलं गणित करू. १०० च्या स्पीडला असलेली गाडी चांगल्या टायरवर (घर्षणाचा आकडा ०.९ धरू) साधारण ४४ मीटरमध्ये थांबते. तीच गाडी, तेच ब्रेक, पण टायर जुने होऊन कडक झालेत आणि आकडा ०.७ वर आलाय, तर तिला ५६ मीटर लागतात. बारा मीटरचा फरक, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या तीन हॅचबॅक. यातली खरी भीती पुढे आहे. चांगल्या टायरची गाडी ज्या जागी पूर्ण थांबली, त्या जागेवरून जुन्या टायरची गाडी अजून साधारण ४७ च्या स्पीडनं पुढे जात असते.

जगातला सगळ्यात महागडा एबीएसचा डबा आणला तरी हा फरक भरून निघणार नाही.

जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत गंमत अशी की ती वर्षात फार चालत नाही, त्यामुळे टायरची नक्षी छान दिसते. गोटा झालेला टायर लगेच ओळखू येतो, कडक झालेला येत नाही. म्हणून टायरच्या बाजूला चार आकडी कोड बघायचा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. हे तुमच्या साध्या गाडीलाही लागू आहे, आज पार्किंगमध्ये जाऊन बघा.

दुसरी गोष्ट ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ वर येते. ट्रॅकवर एवढी उष्णता सहज होते. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे, आणि पेडल स्पंजसारखं मऊ होऊन खाली. आइस मोडमध्ये पेडल कडक होतं, इथे मऊ होतं, दोन्ही वेळेला गाडी थांबत नाही. पण दुसऱ्यावरचा उपाय एका बाटलीच्या किमतीत होतो. एक सावधगिरी: डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल आहे आणि ते एबीएसच्या गाडीत टाकायचं नसतं. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला शोधून काढायला हवं.

तिसरं, जुन्या एबीएसचा जो त्रास वाटतो तो बऱ्याचदा डब्याचा नसतोच. सेन्सरवर लोखंडाचा चुरा चिकटलेला असतो, दातेरी रिंग गंजून तडकलेली असते, व्हील बेअरिंग सैल असतं, नाहीतर चाकाजवळची वायर वळून वळून आतून तुटलेली असते. हे तपासल्याशिवाय डबा बदलणं म्हणजे ताप मोजायचा सोडून थर्मामीटर बदलणं.

डबा मिळाला, आता बसवायचा कसा?

समजा टायर नवे आहेत, ऑइल ताजं आहे, सेन्सर ठीक आहेत आणि तरीही ट्रॅकवर आइस मोडचा त्रास आहे. मग एमके६० चा विचार करायला हरकत नाही. पण एक लक्षात घ्या, ई४६ एम३ चं उत्पादन २००६ ला थांबलं. म्हणजे ज्याला आपण ‘नवं’ एबीएस म्हणतोय, तो डबाही जवळपास वीस वर्षांचा म्हातारा आहे. म्हणून शक्य असेल तर गाडीतून काढायच्या आधीच स्कॅनर लावून त्यात फॉल्ट कोड आहेत का ते बघायचं. काढलेला डबा घेत असाल तर त्याच्या पाइपांच्या तोंडांना टोपणं लावलेली आहेत का ते बघायचं. महिनोन्‌महिने उघडी तोंडं घेऊन शेल्फवर पडलेल्या डब्यात धूळ आणि ओल गेलेली असते, आणि आतले व्हॉल्व्ह एवढे बारीक असतात की एक कण पुरतो. पार्ट नंबरच्या लेबलचा फोटो काढून ठेवायचा. आणि वायरिंगचा प्लग कापताना दीड-दोन फूट वायर ठेवून कापायला सांगायची, नाहीतर नंतर एकेक तार जोडत बसावं लागतं.

डब्याबरोबर त्याचे साक्षीदारही आणावे लागतात. ब्रेक लाइनचे प्रेशर सेन्सर, गाडीच्या वळण्याचा सेन्सर, स्टिअरिंगचा सेन्सर. पैसे वाचवण्यासाठी हे वगळायचा मोह होतो. पण मग मुळात नवं एबीएस कशासाठी घेतलं, हा प्रश्न उरतो. वळण्याचा सेन्सर तर गाडीच्या मध्याजवळ, सपाट आणि ठरलेल्या दिशेनंच बसवावा लागतो. तो तिरका लागला तर सरळ जाणारी गाडी त्याला तिरकी वाटते.

मग चाकांचे सेन्सर. जुन्या काळचे सेन्सर म्हणजे साधं चुंबक आणि तारेचं वेटोळं. दातेरी रिंग समोरून फिरली की त्यात वीज तयार होते, पण अगदी हळू वेगात ती इतकी क्षीण असते की कॉम्प्युटरला वाचता येत नाही. नवे सेन्सर वेगळ्या जातीचे असतात, त्यांना वीज पुरवावी लागते आणि ते चाक जवळजवळ थांबेपर्यंत अचूक सांगतात. नव्या डब्याला जुन्या जातीचा सेन्सर जोडला तर तो ओळखणारच नाही. रिंगवरचे दातही डब्याला अपेक्षित आहेत तेवढेच लागतात. दात कमी-जास्त झाले तर कॉम्प्युटरला दिसणारा वेगच चुकीचा.

टायरच्या साइजचंही तसंच. चारही चाकं सारख्या प्रमाणात लहान असतील तर फार बिघडत नाही, कारण कॉम्प्युटर चाकांची एकमेकांशी तुलना करतो. पण पुढचे टायर एका उंचीचे आणि मागचे दुसऱ्या उंचीचे असतील तर त्याला सतत वाटत राहतं की एक जोडी घसरतेय.

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती पाइपांची. मास्टर सिलिंडरमधून दोन पाइप डब्यात येतात आणि डब्यातून चार पाइप चार चाकांना जातात. जुन्या डब्याची आणि नव्याची तोंडं वेगळ्या जागी असतात, त्यामुळे पाइप नव्यानं वळवावे लागतात. आट्यांची साइज तीच हवी, पाइपच्या टोकाचा आकारही तोच हवा. बीएमडब्ल्यूला गोलसर बुडबुड्यासारखं टोक लागतं, आणि दुसऱ्या आकाराचं टोक जबरदस्तीनं घट्ट केलं तर आज गळणार नाही, पण ट्रॅकवर गळेल. पाइप तांबे-निकेल मिश्रधातूचा घ्यायचा, नुसत्या तांब्याचा नाही. इथे स्वस्त बघायचं नाही.

आणि इथेच एक चूक अशी होऊ शकते जी दिसत नाही. समजा पुढच्या डाव्या आणि पुढच्या उजव्या चाकाचे पाइप उलटे लागले. गाडी नेहमीसारखी चालेल. साध्या ब्रेकला नेहमीसारखी थांबेल. पण ज्या दिवशी डावं चाक जाम होईल, त्या दिवशी एबीएस उजव्या चाकाचा ब्रेक सोडेल.

अजून एक भानगड आहे ती पुढच्या-मागच्या ब्रेकच्या वाटपाची. ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि मागची चाकं हलकी होतात, म्हणून मागे कमी प्रेशर द्यावं लागतं. जुन्या गाड्यांत हे काम एक मेकॅनिकल व्हॉल्व्ह करतो. एमके६० सारखे डबे हेच काम स्वतः करतात, त्याला ईबीडी म्हणतात. दोन्ही ठेवले तर एका ऑफिसात दोन साहेब अशी गत होते आणि मागचे ब्रेक अर्धपोटी राहतात. म्हणून हा बदल करणारे जुना व्हॉल्व्ह काढतात. पण मग फ्यूज उडाला किंवा डबा बंद पडला तर मागच्या चाकांना आवर घालणारं कुणीच उरत नाही, आणि मागची चाकं आधी जाम झाली की गाडी गरकन फिरते. फ्यूजची आणि अर्थिंगची वायर घरगुती टेपनं गुंडाळणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

शेवटी कोडिंग. लॅपटॉप लावून डब्याला सांगावं लागतं की तू आता कुठल्या गाडीत आहेस. ई४६च्या साध्या मॉडेलचं, एम३ चं आणि २००३ च्या हलक्या एम३ सीएसएलचं सेटिंग वेगवेगळं आहे. ट्रॅकवाल्यांची पसंती सहसा सीएसएलच्या सेटिंगला असते.

रस्त्यावर काढायच्या आधी

पाइप बदलले म्हणजे लाइनमध्ये हवा गेली. चाकांपाशी ब्लीडिंग करून बाहेरची हवा निघते, पण डब्याच्या आत, बंद व्हॉल्व्हच्या मागे अडकलेली हवा तशी निघत नाही. त्यासाठी स्कॅनरवरून पंप आणि व्हॉल्व्ह चालू करून हवा काढावी लागते. हे न करता ‘पेडल लागतंय की’ म्हणून गाडी बाहेर काढली, तर पहिल्यांदा एबीएस चालू होईल तेव्हा ती हवा लाइनमध्ये येते आणि पेडल खाली बसतं.

मग गाडी जॅक स्टँडवर घेऊन एकानं ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाक हातानं फिरवायचा प्रयत्न करायचा आणि स्कॅनरवरून एकेका चाकाचा व्हॉल्व्ह सोडायला लावायचा. ‘पुढचं डावं’ म्हटल्यावर पुढचं डावंच चाक मोकळं झालं पाहिजे. पाइप उलटे लागलेत का हे कळण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे आणि त्याला अर्धा तास लागतो. त्यानंतर मोकळ्या बंद मैदानात ३० च्या स्पीडपासून सुरुवात करायची, थेट ट्रॅकवर नाही.

एक अपेक्षाही आधीच कमी करून ठेवलेली बरी. सैल खडीवर किंवा भुसभुशीत मातीवर नवं एबीएससुद्धा थांबायचं अंतर कमी करेलच असं नाही. तिथे जाम झालेलं चाक समोर खडीचा ढीग लोटतं आणि त्यानं गाडी अडते. एबीएस चाक फिरतं ठेवतं, त्यामुळे अंतर उलट वाढू शकतं. बदल्यात स्टिअरिंग हातात राहतं.

आपल्याकडे हे चालतं का?

जर्मनीत ब्रेकमध्ये असा बदल केला तर ट्युफसारख्या संस्थेकडून गाडी तपासून मंजुरी घ्यावी लागते, नाहीतर ती रस्त्यावर चालवायची परवानगीच जाते. म्हणून तिकडेही हा खेळ मुख्यतः फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाड्यांचा आहे.

भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हे ठासून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी बदललेल्या ब्रेककडे आधी बोट दाखवेल. त्यामुळे आपल्या जुन्या गाडीला दुसऱ्या गाडीचा डबा बसवून देतो म्हणणारा मेकॅनिक भेटला तर आधी आरटीओत जाऊन विचारा, आणि ‘हो’ असं लेखी मिळाल्याशिवाय गाडी त्याच्याकडे सोडू नका.

आपल्याकडे नव्या मॉडेलच्या कारला एप्रिल २०१८ पासून आणि बाकी सगळ्या नव्या कारला एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीची गाडी वापरत असाल तर तुमच्या गाडीत ते आहे का, हे किल्ली फिरवल्यावर कळतं. डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर एक तर एबीएस नाही, किंवा सेकंडहँड गाडी विकताना कुणीतरी बल्ब काढून टाकलाय.

गाडी चालताना नुसता पिवळा दिवा लागला तर एबीएस बंद आहे, साधे ब्रेक चालू आहेत. अंतर ठेवून, हळू चालवत गॅरेजला जाता येतं, आणि तिथे पहिल्यांदा सेन्सर आणि चाकाजवळची वायर तपासायला सांगायची. पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर ऑइल कमी झालेलं असू शकतं किंवा पुढच्या-मागच्या ब्रेकचं वाटप बंद पडलेलं असू शकतं. तेव्हा गाडी बाजूला घ्या आणि टोइंगला फोन करा.